अन्ननलिकेने पालटलेलं अस्तर

आंबट ढेकर आली, छातीत जळजळलं की आपण म्हणतो, ‘पित्त झालंय.’ पित्त बिचारं यकृतातलं. वर उसळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल, कधीकधी लिंबाच्या रसाहूनही जहाल. जठराला ते बाधत नाही, कारण त्याला आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. वीतभराहून थोड्याच लांब असलेल्या अन्ननलिकेला असं चिलखत नाही. तिची भिस्त खालच्या टोकाच्या झडपेवर आणि आपण गिळतो त्या लाळेवर. झोपेत लाळ आटते, आणि आडवं झाल्यावर उतारही उरत नाही. उशिरा जेवून लगेच पसरणाऱ्यांची रात्र जळजळीत जाते ती यामुळे.

आम्ल नळीला वरून भाजतं, असाच समज होता. २०१६ साली डॅलसच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांची आम्लरोधक औषधं थांबवून तपासलं, तर वरचा थर शाबूत होता आणि दाह मात्र खालच्या थरांत सुरू झालेला. म्हणजे आम्ल पेशींना नुसतं डिवचत असावं. जाळपोळ करते ती त्यांनी बोलावलेली शरीराचीच फौज.

याहून अजब गोष्ट दुर्बिणीच्या पडद्यावर दिसते. निरोगी अन्ननलिका फिकट, मोतिया गुलाबी असते. जठराच्या तोंडाशी एक नागमोडी रेघ, आणि तिच्याखाली रंग एकदम लालसर. वर्षानुवर्षं आम्ल सोसलेल्या काहींमध्ये ही लाली जिभांसारखी रेघेच्या वर चढलेली असते. तिथला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर श्लेष्म्याने भरलेल्या, पेल्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. या तर आतड्यातल्या! छातीतल्या नळीने आतड्याचं अस्तर पांघरलेलं असतं.

लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनाही हे पटलं नव्हतं. ही अन्ननलिका नव्हेच, छातीत ओढलं गेलेलं जठर आहे, असं त्यांनी १९५० साली लिहिलं. तीनच वर्षांनी ॲलिसन आणि जॉनस्टन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचं दाखवलं. पुढे बॅरेट यांनी ते मान्यही केलं, पण या अवस्थेला नाव चिकटलं ते त्यांचंच.

नवं अस्तर आम्लाला सरावलेलं असतं. त्यामुळे जळजळ कमीही होते, आणि माणूस बरं वाटलं म्हणून निर्धास्त होतो. पण मोजक्या लोकांत याच अस्तरातून कर्करोग उगवतो. म्हणून दुर्बीण घालणारे डॉक्टर रुग्णाच्या ‘आता काही त्रास नाही’वर थांबत नाहीत; दर दोन सेंटिमीटरवर, चारी बाजूंनी, तिळाएवढे तुकडे टिपत वर सरकतात.