मित्रांमधील टेनिस : डावपेंच आणि इमान

देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांच्या मध्यें, इंद्रायणीच्या परिसरांत, तळवडे हें गांव आहे. ज्या भागांत एके काळीं शेती आणि वारकऱ्यांची ये-जा हेंच मुख्य दृश्य असे, तेथें आतां कारखान्यांच्या मोटारी आणि संगणकाच्या कचेऱ्यांकडे जाणारीं माणसें यांची गर्दी असते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यांत नोकरीनिमित्त आलेलीं कुटुंबें स्थिरावलीं, आणि शहरी जीवनांतील कांहीं हौसा त्यांच्यामागून आल्या. मोठ्या गृहसंकुलाच्या आवारांत टेनिसचें कोर्ट असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा कोर्टांवर सकाळच्या प्रहरीं मुलांहूनही अधिक उत्साहानें उतरणारा एक वर्ग असतो. तो म्हणजे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूंचा. त्यांना पदकें मिळवावयाचीं नसतात कीं नांव गाजवावयाचें नसतें. तरीही परवांच्या पराभवाचें उट्टें आज काढण्याची त्यांची ईर्षा कोणत्याही तरुणाला लाजवील अशी असते.

या वर्गाच्या खेळापुढें दोन प्रश्न उभे असतात. अंगांतील बळ ओसरूं लागलें कीं खेळ कशाच्या आधारावर जिंकावयाचा, हा पहिला. आणि ज्याला हरवावयाचें तो वर्षानुवर्षांचा मित्रच असेल, तर त्याच्याशीं किती निकरानें खेळावयाचें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर भूमितींत आहे, दुसऱ्याचें मनुष्यस्वभावांत.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाहीं. इंग्लंडांत मेजर विंगफील्ड यांनीं लॉन टेनिसचें पेटंट १८७४ मध्यें घेतलें आणि विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्यें झाली. पुण्यांत पी. वाय. सी. हिंदु जिमखाना १९०० मध्यें आणि डेक्कन जिमखाना १९०६ मध्यें स्थापन झाला, व अशा संस्थांच्या आश्रयानें हा परका खेळ मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणीं पडला. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव या स्वतः टेनिस खेळत. त्यांच्या कन्या लीला राव यांनीं १९३४ मध्यें विंबल्डनला एकेरीचा सामना जिंकला, आणि असा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अलीकडच्या काळांत बालेवाडीच्या शिवछत्रपति क्रीडासंकुलांत २०१८ पासून २०२३ पर्यंत पुरुषांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा पांच वेळां भरली. तळवड्याच्या भागांतील हौशी खेळाडूंना जगांतील नामांकित खेळाडू अशा रीतीनें घरच्या अंगणांत पाहावयास मिळाले.

त्या बालेवाडीनेंच वयाविषयींच्या शंकेचें एक उत्तर दिलें आहे. २०१९ च्या अंतिम सामन्यांत एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोव्हिच हा केव्हिन अँडरसन याच्याशीं ७-६, ६-७, ७-६ असा झुंजला आणि अवघ्या कांहीं गुणांनीं हरला. २०२२ मध्यें रोहन बोपण्णा यानें रामकुमार रामनाथन याच्या साथीनें तेथेंच दुहेरीचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां बोपण्णा एकेचाळीस वर्षांचा होता. पुढें २०२४ मध्यें त्रेचाळिसाव्या वर्षीं त्यानें ऑस्ट्रेलियन स्पर्धेंतील पुरुष दुहेरी जिंकली. हे असामान्य पुरुष खरे. परंतु पाय मंदावले तरी खेळ संपत नाहीं, हें जें सत्य त्यांनीं दाखविलें, तें सामान्यांनाही लागू आहे.

आतां प्रथम अंगणाची भूमिति पाहूं जातां असें दिसतें कीं, कोर्टाची लांबी अठ्ठ्याहत्तर फूट आणि एकेरीसाठीं रुंदी सत्तावीस फूट असते. म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचें अंतर सुमारें साडेब्याऐंशी फूट भरतें. तिरका फटका मारणाऱ्याला सरळ फटका मारणाऱ्यापेक्षां सुमारें साडेचार फूट अधिक जागा मिळते. शिवाय जाळ्याची उंची सर्वत्र सारखी नसते. खांबांशीं तें साडेतीन फूट असतें, तर मध्यभागीं पट्ट्यानें खालीं ओढून तीन फुटांवर आणलेलें असतें. तिरका चेंडू बहुधा या सखल भागावरून जातो आणि कडेनें सरळ जाणारा चेंडू उंच भागावरून. अशा रीतीनें एकाच फटक्यांत लांबी अधिक आणि अडथळा कमी असा दुहेरी लाभ तिरक्या दिशेला मिळतो. तो फुकटचा लाभ आहे. त्यासाठीं दंडांत बळ लागत नाहीं. जुना, मुरलेला खेळाडू दहांपैकीं सात चेंडू तिरकेच कां मारतो, याचें कारण हेंच. पाहणाराला तो भित्रेपणा वाटतो. वस्तुतः तो हिशेब असतो.

दुसरा नियम दिशाबदलाचा आहे, आणि तो कॅरम खेळणाऱ्यांना सहज पटण्यासारखा आहे. कॅरमच्या फळीवर सोंगटी तिरकी आपटली म्हणजे ती सरळ मागें न येतां पलीकडच्या बाजूस निसटते. रॅकेटचेंही तसेंच होतें. डावीकडून तिरका येणारा चेंडू उजव्या कोपऱ्यांतून सरळ रेषेंत मारावयाचा म्हणून रॅकेट अगदीं सरळ धरली, तर चेंडू आपली मूळची गति टिकवून उजवीकडे सरकतो आणि रेषेबाहेर पडतो. चेंडू जेथून आला तिकडेच त्याला परत पाठविणें त्यामुळें सुरक्षित असतें, आणि त्याची दिशा बदलणें जोखमीचें. अनुभवी खेळाडू दिशा बदलीत नाहीं असें नव्हे. पण चेंडू आखूड व सावकाश येईपर्यंत तो वाट पाहतो. अशा चेंडूंत मूळची गति थोडी असल्यामुळें तो निसटण्याचें भय कमी होतें. तरुण खेळाडूची चूक बहुधा फटक्याची नसते, घाईची असते.

उताराकडे लागलेल्या वयांतील दोन आवडते फटके म्हणजे लॉब आणि ड्रॉप. जाळ्याजवळ आलेल्याच्या डोक्यावरून चेंडू उंच उडवून मागें टाकणें हा लॉब. जाळ्यापासून सर्व्हिसची रेघ एकवीस फुटांवर आणि शेवटची रेघ एकोणचाळीस फुटांवर असते. म्हणून उत्तम लॉब या दोहोंमधील अठरा फुटांच्या पट्ट्यांत पडावा लागतो. तोही तिरका उडविला तर अधिक जागा मिळते, आणि समोरच्याच्या बॅकहँडच्या खांद्यावरून गेला तर त्याला उलटा वार करणें कठीण होतें. ड्रॉप हा त्याच्या विरुद्ध. मागच्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला एकोणचाळीस फूट पुढें धांवावयास लावून चेंडू जाळ्यापलीकडे अलगद सोडणें, हें त्याचें मर्म आहे. एकदां ड्रॉप आणि लगेच त्यामागून लॉब, ही जोडी बारीक चणीच्या निवृत्त गृहस्थानें योजली, तर तीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या अभियंत्यालाही धाप लागते.

सूर्यालाही या खेळांत भाग असतो. कोर्ट बहुधा दक्षिणोत्तर आंखलेलें असतें. सकाळीं उत्तरेकडे तोंड करून सर्व्हिस करणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूनें चेंडू वर फेकला कीं उजवीकडचें ऊन त्याच्या डोळ्यांवर येतें. पहिल्या, तिसऱ्या, पांचव्या अशा विषम डावानंतर बाजू बदलतात, म्हणून ही अडचण वाट्यास दोघांच्याही येते. जाणता खेळाडू ती लक्षांत ठेवून आपल्या पाळीला चेंडू थोडा डावीकडे फेकतो, आणि मित्राच्या पाळीला त्याचा दुसरा, मंद सर्व्हिस येण्याची वाट पाहतो.

दुहेरींत तर चातुर्याला अधिकच वाव. तेथें नवशिका कडेच्या रेघा शोधीत असतो आणि मुरलेली जोडी मधोमध मारीत असते. मध्यें जाळें सखल असतें, प्रतिपक्षाला कोन काढावयास जागा कमी मिळते, आणि मुख्य म्हणजे दोघांमधून जाणारा चेंडू कोणाचा हें क्षणांत ठरविणें त्यांना जमत नाहीं. ‘तुझा’, ‘तुझा’ म्हणतां म्हणतां तो दोघांच्याही मधून निघून जातो. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशीच त्याची गत होते.

हे डावपेंच पुस्तकांत सांपडतील. पण वर्षानुवर्षें त्याच माणसाशीं खेळणाऱ्यांना पुस्तकांत नसलेलें एक ज्ञान मिळतें. मित्राचा दुसरा सर्व्हिस अडचणीच्या वेळीं कोठें येतो, दमल्यावर तो कोणता फटका टाळतो, चिडल्यावर कोणता धरतो, हें सर्व ठाऊक असतें. परंतु तें त्यालाही ठाऊक असतें कीं आपलें गुपित फुटलें आहे. मग निर्णायक गुणाच्या वेळीं तो नेहमींचें करील, कीं नेहमींचें करील असें समोरच्याला वाटतें म्हणून नेमकें उलट करील? येथें रॅकेटपेक्षां मन अधिक खेळत असतें. अनोळखी बलवान माणसाशीं खेळून ही गोडी मिळत नाहीं. दहा वर्षांच्या प्रतिस्पर्ध्यानें दोघांनाही घडविलेलें असतें. एकाचा बॅकहँड सुधारला तो दुसऱ्यानें त्यावर सतत मारा केला म्हणून.

याच ठिकाणीं दुसरा, नाजूक प्रश्न उभा राहतो. मित्राचा गुडघा दुखरा आहे हें माहीत असतांना त्याला ड्रॉप द्यावा काय? कांहीं जण म्हणतात कीं हें निर्दयपणाचें आहे. कांहीं म्हणतात, खेळ तो खेळ. दोन्ही मतें अर्धवट आहेत. जो माणूस कोर्टावर उतरला, त्यानें आपल्याला खेळाडू म्हणून वागवावें अशी मागणीच केलेली असते. त्याची कींव करून सोडलेला गुण त्याला तात्काळ कळतो, आणि पराभवापेक्षां तोच अधिक झोंबतो. मात्र समोरच्याला विचार करावयास लावणारा फटका आणि त्याला इजा करणारा फटका यांत अंतर आहे. जाळ्याशीं उभ्या असलेल्या मित्राच्या अंगावर जवळून सगळें बळ लावून चेंडू मारणें नियमांत बसत असेल, पण रीतींत बसत नाहीं. आणि गुडघा खरोखरीच सुजला असेल तर ड्रॉप द्यावा कीं नाहीं हा प्रश्नच उरत नाहीं. त्या दिवशीं खेळूं नये, असें सर्वांत आधीं सुचविण्याचें काम प्रतिस्पर्ध्याचें आहे.

यापेक्षांही मोठी कसोटी रेघेपाशीं होते. मोठ्या स्पर्धांत आतां यंत्रें निर्णय देतात. विंबल्डननेंही २०२५ पासून रेघांवरील पंच काढून टाकले. हौशी सामन्यांत यंत्रही नसतें आणि पंचही नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आंत कीं बाहेर हें ज्याचें त्यानें सांगावयाचें, म्हणजे ज्याचा तोटा व्हावयाचा तोच न्यायाधीश. वेगवान चेंडू जमिनीला टेकतो तो सेकंदाच्या सुमारें दोनशेंव्या भागापुरता; धांवत्या माणसाच्या डोळ्यांना तो क्षण नीट पकडतां येत नाहीं, आणि मग मनाला जें हवें असतें तें डोळे पाहूं लागतात. म्हणूनच संकेत असा आहे कीं, रेघेला स्पर्श झाला तर चेंडू चांगला, आणि बाहेर पडल्याची पूर्ण खात्री नसेल तरीही चांगलाच. दुहेरींत दोन जोडीदारांचें एकमत नसेल तर गुण प्रतिपक्षाचा. संशयाचा फायदा नेहमीं समोरच्याला, या एका संकेतावर मित्रांमधील सगळें टेनिस उभें आहे. तो मोडला कीं सर्व भूमिति आणि सर्व डावपेंच व्यर्थ होतात. कारण मग हरलेल्याला आपण कशानें हरलों हेंच कळेनासें होतें.

अशी सोबत टिकविण्यांत आणखीही एक लाभ असावा. कोपनहेगन शहरांतील सुमारें साडेआठ हजार लोकांची पंचवीस वर्षांपर्यंतची माहिती घेऊन २०१८ मध्यें एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बैठें जीवन जगणारांच्या मानानें टेनिस खेळणारांचें अपेक्षित आयुष्य सुमारें पावणेदहा वर्षांनीं अधिक असल्याचें त्यांत आढळलें. केवळ खेळामुळेंच हें घडतें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं; खेळणारे लोक मुळांत सुस्थितींतील असूं शकतात. तरी एकट्यानें करावयाच्या व्यायामांपेक्षां दुसऱ्याबरोबर खेळावयाचे खेळ त्या यादींत वर होते, आणि माणसांचा सहवास हें त्याचें एक कारण असूं शकेल असें संशोधकांनीं सुचविलें.

टेनिस एकट्याला खेळतां येत नाहीं. भिंतीशीं सराव होतो, पण भिंत कधीं चुकत नाहीं आणि कधीं चकवीतही नाहीं. आपल्याला हरवूं शकणारा, हरविण्याची मनापासून खटपट करणारा, आणि तरीही रेघेवरचा चेंडू ‘चांगला’ म्हणून देणारा माणूस मिळणें ही उतारवयांतील मोठी मिळकत होय. तिची राखण दोन गोष्टींनीं होते : फटका मारतांना मित्राला सवलत द्यावयाची नाहीं, आणि निकाल सांगतांना स्वतःला घ्यावयाची नाहीं.