गुणांकामागील प्रश्नपत्रिका



संगणकाच्या प्रोसेसरला मिळणारे गुण हा आज घरोघरी खरेदीपूर्वीच्या चर्चेचा विषय झाला आहे. परंतु प्रश्नपत्रिका न पाहता केवळ गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याची पारख होत नाही. यंत्राचेही तसेच आहे.

पुण्यातील उदाहरण घेऊ. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. त्यात १४,२४० कोअर होते. प्रत्येकाच्या घड्याळाचे सेकंदाला ३ अब्ज ठोके आणि प्रत्येक ठोक्याला ४ गणिती क्रिया. यांचा गुणाकार १७०.८८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे १७१ लाख कोटी क्रिया. हा झाला कागदावरचा वेग.

यादीतील क्रमांक मात्र ‘लिनपॅक’ चाचणीवर ठरतो. तीत असंख्य अज्ञात राशींची समीकरणे सोडवावी लागतात. अज्ञात राशींच्या संख्येच्या घनाच्या साधारण दोन-तृतीयांश इतक्या क्रिया होतात. त्यांना लागलेल्या वेळाने भागले की गुण निघतात. ‘एका’ला मिळाले ११७.९ टेराफ्लॉप, म्हणजे कागदी वेगाच्या सुमारे ६९ टक्के. उरलेली क्षमता स्मृतीतून आणि परस्परांकडून आकडे येण्याची वाट पाहण्यात जाते.

नेहमीच्या प्रोसेसरसाठी १९८८ साली स्थापन झालेल्या ‘स्पेक’ संस्थेची रीत निराळी आहे. अनेक प्रत्यक्ष प्रोग्राम चालवून, ठरावीक संदर्भयंत्राला लागलेल्या वेळेला नव्या यंत्राच्या वेळेने भागतात. एका कामात यंत्र दुप्पट व दुसऱ्यात आठपट वेगवान ठरले, तर गुण पाच नव्हे, चार धरतात. कारण येथे भूमितीमध्य घेतला जातो. त्यामुळे संदर्भयंत्र बदलले तरी यंत्रांचा परस्परांतील क्रम बदलत नाही.

पाठांतराचा दोष मात्र येथेही शिरतो. चाचणी ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढविण्याची सोय काही मोबाइल निर्मात्यांनी केल्याचे २०१३ मध्ये उघडकीस आले.

म्हणून सिल्वासातील कारखान्यासाठी असो वा शाळेसाठी, यंत्र घेताना गुण जरूर पाहावेत. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावा : आपले रोजचे काम त्या प्रश्नपत्रिकेत होते काय? नसेल, तर ते गुण खरे असूनही आपल्या उपयोगाचे नाहीत.