बडोद्याची पश्चिम वेस : लहरीपुरा

बडोद्यात एक दिवस मोकळा मिळाला की पाहुण्याला लक्ष्मीविलास पॅलेसच्या फाटकाशी नेऊन सोडायची रीत आहे. राजवाडा देखणा आहे यात वाद नाही. मेजर मँटने आखलेली ही वास्तू त्याच्या मृत्यूनंतर वास्तुकार चिझमने 1890 मध्ये पुरी केली. पण तो पाहून महाराजा सयाजीराव गायकवाड कसे राहत एवढंच कळतं, शहर कसं घडलं ते कळत नाही. बडोदे मुळात कोटाचं गाव आहे, आणि अशा गावाची ओळख त्याच्या वेशीतून आणि वेशीतून आत जाणाऱ्या रस्त्यावरून करून घ्यावी. त्या हिशेबाने दिवसाची सुरुवात लहरीपुरा दरवाजापाशी व्हायला हवी. जुनं शहर आणि गायकवाडांचं शहर यांचा सांधा तिथेच आहे.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाचा मुलगा खलील खान, म्हणजे पुढचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह, याने हा कोट वसवला. आखणी अगदी सरळ आहे: चौकोनी गाव, चार बाजूंना चार वेशी, आणि वेशीवेशींना जोडणारे दोन रस्ते मधोमध एकमेकांना छेदतात. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडी गेट, पश्चिमेला लहरीपुरा. गेंडी गेटचं जुनं नाव बुऱ्हाणपुरी दरवाजा. वेशींची अशी नावं म्हणजे त्या काळचे रस्त्यावरचे फलकच. रस्ते छेदतात तिथे मांडवी आहे, प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानींचा चौकोनी मंडप. जपानातल्या हिमेजीसारख्या किल्ल्याच्या गावात मधोमध उंचावर सरदाराचा किल्ला, त्याला लागून सामुराईंची वस्ती आणि व्यापारी त्यापलीकडे, अशी उतरंड असते. बडोद्याच्या चौकोनाचा मध्य मात्र बाजारपेठेला दिलेला आहे. लहरीपुऱ्यातून आत शिरलं की दहाएक मिनिटांत मांडवी येते. कपडे, बांगड्या, चपला, नवरात्राआधी चणियाचोळ्या असा दोन्ही अंगांना बाजार तुडुंब भरलेला असतो. त्या गर्दीतूनही आखणीची ती सरळ रेघ स्पष्ट दिसते.

1734 मध्ये बडोदे कायमचं गायकवाडांकडे आलं. दोनच वर्षांनी मराठा सुभेदार मल्हार मालोजीने मांडवीची दुरुस्ती केली. नवे राज्यकर्ते जुन्या चौकातूनच कारभार बघू लागले, त्यांनी आखणी मोडली नाही. पुढे मात्र शहराचं तोंड पश्चिमेकडे वळलं, आणि त्याची कारणं स्पष्ट आहेत. 1802 मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट बडोद्यात आला, त्याची छावणी विश्वामित्री नदीपलीकडे पश्चिमेला पडली. 1861 मध्ये रेल्वे आली, स्टेशनही पश्चिमेलाच. सत्ता आणि प्रवास दोन्ही एका दिशेला गेल्यावर लहरीपुऱ्याबाहेरची जमीन मोलाची झाली. दांडिया बाजार आणि रावपुरा ही आजही मराठी कानाला आपली वाटणारी वस्ती याच बाजूची. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडाही इथलाच. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे आणि गोऱ्या माणसांची चित्रंही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी सरदाराच्या डोक्यात काय काय एकत्र नांदत होतं ते एका खोलीत उभं राहून वाचता येतं. सुरसागर तलावाकाठी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा सुरू झाली. आणि लहरीपुऱ्यासमोरच 1896 मध्ये चिझमचं न्यायमंदिर उभं राहिलं. त्याला नाव तंजावरच्या मोहित्यांच्या लेकीचं, सयाजीरावांच्या अकाली गेलेल्या राणीचं, पहिल्या चिमणाबाईंचं. एका रस्त्यावर सुलतान, मराठे आणि सयाजीरावांचा इंग्रज वास्तुकार असे ओळीने भेटतात. राजवाड्याच्या आवारात हे घडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की कोटच उरलेला नाही, तर कोटाचं गाव कसलं? तट जवळपास सगळा गेला हे खरंच. पण जपानातही 1873 च्या सरकारी आदेशानंतर किल्ले धडाधड पाडले गेले. मूळ मुख्य मनोरे आज 12 उरलेत. नागोयाचा मनोरा 1945 च्या बाँबवर्षावात जळाला, पुढे 1959 मध्ये सिमेंट-काँक्रीटचा उभारला. तोक्योहून दिवसभरात जाऊन येण्यासारखं कावागोए याहून बोलकं आहे. तिथे किल्ल्याच्या एका प्रासादाचा काही भागच शिल्लक आहे, तरी लोक जातात ते 1893 च्या आगीनंतर बांधलेल्या जाड मातीच्या भिंतींच्या पेढ्या आणि घंटेचा बुरूज बघायला. म्हणजे तट गेला तरी गावाची रचना जिवंत राहिली तर बघण्यासारखं उरतं. बडोद्यात ती जिवंत आहे: मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरातून आषाढी-कार्तिकीला देवाची मिरवणूक निघते ती आजही कोटाबाहेर पश्चिमेलाच जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही गर्दी, दुचाकी, हातगाड्या आणि दरवाजाला खेटून लावलेली दुकानं यांत बघायचं काय आणि कसं? यातला निम्मा भाग खोडून काढता येतो. बाजार ही इथली घुसखोरी नाही, मांडवी बाजारासाठीच उभी होती. रिकामी, झाडून पुसून ठेवलेली मांडवी बघायला बरी, पण ती खोटी ठरेल. उरलेला निम्मा मात्र मान्यच करावा लागतो. जुन्या विटांना गिऱ्हाईक जड नाही, जड आहे ती वाहनांची अखंड थरथर. 2025 मध्ये मांडवीच्या खांबांना तडे गेले, प्लास्टर पडलं आणि लोखंडी टेकू लावावे लागले. कोटातला नजरबाग राजवाडा त्याआधीच पाडला गेला होता. तेव्हा बाजार ठेवावा आणि कमानींखालून चाकं बंद करावीत, हा व्यवहार्य मध्य आहे. दुकानदार म्हणतील गिऱ्हाईक तुटेल. पण बांगड्या घ्यायला आलेली बाई आजही स्कूटर कुठेतरी लांब लावून पायीच येते.

न्यायमंदिरातलं न्यायालय 2018 मध्ये दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीत गेलं. शहराचं संग्रहालय करायचं तर ती जागा सोडून दुसरीकडे बघायचं कारण नाही: समोर वेस, मागे तलाव, मधल्या दालनात चिमणाबाईंचा पुतळा. तोवर पाहुण्याने सकाळी दुकानांची शटर उघडण्याआधी दरवाजा आणि मांडवी पाहून घ्यावी, ऊन चढल्यावर बाहेर पडून तांबेकर वाडा गाठावा आणि दुपारी शेवउसळ खावी. मराठी उसळीवर गुजराती शेवेचा हा डोंगर बडोद्याबाहेर सहसा भेटत नाही. लक्ष्मीविलासला त्यानंतरही वेळ उरतो.