कुत्रा घरी आणण्यापूर्वी

नोंदणी: हैदराबादेत पाळीव कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी करावी लागते. रेबीज लसीचा दाखला जपून ठेवा.

लसी: सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर; तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीज. पुढचे डोस पशुवैद्याच्या सल्ल्याने.

खर्च: पिल्लू फुकट मिळालं, तरी खाणं, जंतनाशक, नसबंदी, गोचीडतापावरचे उपचार हा खर्च दहा-बारा वर्षं चालतो.

उन्हाळा: एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. तळहात टेकवून पाहा. रस्ता चटका देत असेल तर फिरवू नका.

दत्तक: अमला अक्किनेनी यांनी १९९२मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद’सारख्या संस्थांकडे आधी चौकशी करा.

कायदा: पाळलेला प्राणी विनाकारण वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.