चार संगणकांचं कार्यालय आणि एक सामायिक फोल्डर

मी कळसाडीचा. शाळा, पतसंस्था, दाखले काढून देणारी सेवा केंद्रं यांचे संगणक एकमेकांना जोडून देणं हा माझा धंदा. फोनवर मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘भाऊ, त्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडत नाही, पासवर्ड मागतंय.’ आणि लगेच उपायही तेच सुचवतात, ‘पासवर्डच काढून टाका ना!’ तो मी काढत नाही. का, ते सांगतो.

मोठ्या बँकांत, कंपन्यांत ‘डोमेन’ असतं. सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं आणि पासवर्ड एका सर्व्हरवर ठेवलेले असतात. कुठल्याही संगणकावर बसलात तरी ओळख तिथूनच पटवली जाते. मायक्रोसॉफ्टची यासाठीची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ विंडोज २००० बरोबर आली. पण तिला वेगळा सर्व्हर हवा, त्याचं लायसन्स हवं, तो सांभाळणारा माणूस हवा. चार संगणकांसाठी एवढा खर्च कोण करणार? शिवाय दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा विंडोज ‘होम’ असतं आणि ते डोमेनमध्ये घेताच येत नाही. मग उरतो ‘वर्कग्रुप’.

डोमेन आणि वर्कग्रुप यांतला फरक आधारच्या उदाहरणाने कळेल. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. डोमेन म्हणजे आधार : एक नोंद, सगळीकडे चालणारी. वर्कग्रुपमध्ये मात्र प्रत्येक संगणकाचं रजिस्टर वेगळं. एकावर उघडलेलं तुमचं खातं दुसऱ्याला माहीतच नसतं. म्हणून तो पासवर्ड विचारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

यावरचा साधा उपाय असा. फोल्डर ज्या संगणकावर आहे, तिथेही तुमच्या त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं उघडायचं. विंडोज आधी तुमचं लॉगिन केलेलं नाव-पासवर्डच पुढे करतं आणि ते जुळलं की काही न विचारता फोल्डर उघडतं. पासवर्ड एकीकडे बदललात तर दुसरीकडेही बदलायला हवा, नाहीतर पुन्हा दार बंद. हल्ली आणखी एक घोळ होतो : लोक चार आकडी पिन टाकून संगणक उघडतात आणि नेटवर्कवरही तोच पिन टाकतात. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. तिथे खरा पासवर्डच लागतो. कोऱ्या पासवर्डचं खातंही नेटवर्कवरून चालत नाही. विंडोज ते मुद्दामच अडवतं.

आता परवानग्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन टॅब दिसतात आणि गोंधळ इथेच होतो. पहिला फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यांना लागू. दुसरा सगळ्यांना, त्याच संगणकावर बसलेल्यालाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही गाळण्यांतून जावं लागतं आणि दोहोंत जी कडक, ती चालते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ आणि सिक्युरिटीत नुसतं ‘रीड’ असेल, तर फाइल वाचता येते, बदलता येत नाही. मी शेअरिंगमध्ये ‘चेंज’पर्यंत मोकळीक ठेवतो आणि खरा हिशेब सिक्युरिटीत मांडतो. म्हणजे अडलं तर एकाच ठिकाणी बघावं लागतं.

शाळेचं उदाहरण घ्या. ‘दाखले’ फोल्डरमध्ये कार्यालयातल्या दोघांना लिहिता यावं, शिक्षकांना फक्त वाचता यावं. ‘पगार’ मुख्याध्यापक आणि लिपिक यांच्यापुरतं. अशा वेळी एकेका माणसाला परवानगी देत बसू नये. ‘कार्यालय’ आणि ‘शिक्षक’ असे दोन गट करावेत, परवानगी गटाला द्यावी आणि माणसं गटात घालावीत. ‘डिनाय’ला शक्यतो हात लावू नये. एक माणूस दोन गटांत असला की एकातला नकार दुसऱ्यातला होकार खाऊन टाकतो आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिलं की सगळं चालतं, हे खरं. पण खंडणी मागणारा व्हायरस एका संगणकात शिरला, तर त्या संगणकाला जिथे जिथे लिहिण्याची मुभा आहे, तिथल्या सगळ्या फाइली तो कुलूपबंद करू शकतो. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ तर परवानगीचीही वाट बघत नव्हता. फाइल शेअरिंगच्या जुन्या ‘एसएमबी १’ पद्धतीतल्या दोषातून तो सुमारे १५० देशांत पसरला. त्या दोषावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. एखाद्या जुन्या एक्सपी संगणकासाठी कुणी ती पद्धत चालू करा म्हणालं, तर मी तो संगणकच नेटवर्कमधून काढायला सांगतो.

वर्कग्रुपला मर्यादा आहेत. साध्या विंडोजवर एका वेळी २० पेक्षा जास्त जोडण्या होत नाहीत. सोय म्हणून विंडोज ७ मध्ये आलेला ‘होमग्रुप’ मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये काढूनही टाकला. संगणक दहा-बाराच्या पुढे गेले की डोमेनचा विचार करावा.

तोवर एक वही ठेवा. कुठलं फोल्डर कुठल्या संगणकावर, कोण कुठल्या गटात. लिपिकाची बदली झाली, की त्याच्या टेबलावरच्या संगणकातलं खातं बंद करून भागत नाही. फोल्डर असलेल्या संगणकावरचं खातं बंद करावं लागतं, आणि ते कुठे कुठे आहे, हे त्या वहीशिवाय कुणालाही सांगता येत नाही.