दोन तारांवरचं बोलणं

जानेवारीत देपालपूरला रात्री चांगलीच थंडी पडते. त्या रात्री बाहेर गव्हाच्या शेतांवर धुकं उतरलं होतं आणि आत भाचा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. भिंतीवर मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा थंड-गरम दोन्ही करणारा एसी, टेबलावर ईएसपी३२ नावाचा बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर. रिमोटला हात न लावता या दोघांनी एकमेकांशी बोलावं, एवढाच त्याचा हट्ट होता.

असा एसी हिवाळ्यात हीट पंप होतो. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या गार हवेत असलेली उष्णता उपसून घरात आणतो. मोट पाणी तयार करत नाही, वर आणते, तसंच हे. म्हणूनच एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता पदरात पडू शकते.

मेन स्विच बंद करून भाच्यानं एसीचं झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर सीएन१०५ असं लिहिलेलं एक छोटं सॉकेट होतं. पाच पिना: १२ व्होल्ट, ग्राउंड, ५ व्होल्ट, एक बोलायची, एक ऐकायची. १२ व्होल्टला त्यानं हात लावला नाही. बाकीच्या चार तारा बाहेर काढल्या. एसी ५ व्होल्टवर बोलतो, ईएसपी३२ला ३.३ झेपतात, म्हणून मधे लेव्हल शिफ्टर बसवला. आणि तारा उलटसुलट जोडल्या, कारण एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानालाच लागायला हवं.

पुढचं ऐकून मात्र मी थक्क झालो. या दोघांमध्ये सामाईक घड्याळ नाही. ‘आता ऐक’ असं सांगणारी वेगळी तारही नाही. कोणी बोलत नसतं तेव्हा तारेवर पूर्ण व्होल्टेज असतं. बोलणारा ते एकदम खाली पाडतो, तीच हाक. ऐकणारा त्या क्षणापासून आपल्यापुरती वेळ मोजू लागतो आणि ठरल्या अंतरानं तारेकडे बघतो: व्होल्टेज आहे की नाही, १ की ०. ही रीत टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आली आहे. वेगाचं ‘बॉड’ हे एककसुद्धा एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आलं. एसीचा वेग २४०० बॉड, म्हणजे एक बिट सेकंदाच्या २४०० व्या हिश्श्याइतका टिकतो. दर अक्षरामागे ११ बिट: एक हाकेचा, आठ मजकुराचे, एक सम-विषम तपासायचा, एक थांब्याचा.

पहिल्या प्रयत्नात एसी ढिम्म हलला नाही. तारा ठीक होत्या, चूक पिनांच्या नेमणुकीत होती. ईएसपी३२च्या १ आणि ३ क्रमांकाच्या पिना मुळात लॅपटॉपशी बोलण्यासाठी राखलेल्या असतात. सुरू होताच चिप तिथे आपला हालहवाल सांगू लागते, तोही ११५२०० बॉडनं, म्हणजे एसीच्या ४८ पट वेगानं. त्याच पिनांना एसी जोडला होता, त्यामुळे त्याला नुसता गलबलाच ऐकू येत होता. पण या चिपमध्ये असे तीन संवादक आहेत, आणि आतल्या जोडण्या बदलून ते बहुतेक कुठल्याही मोकळ्या पिनेवर नेता येतात. भाच्यानं दोन ओळी लिहून एसीचं बोलणं १६ आणि १७ वर हलवलं आणि बोलण्या-ऐकण्याच्या दोन्ही तारा तिकडे लावल्या. सोल्डरिंग गन नाही, नवी तार नाही. त्याच तारा, फक्त पिना बदलल्या.

मग त्यानं पहिला नमस्कार धाडला. जगभरच्या हौशी मंडळींनी तारेवर कान लावून उलगडलेले हे आठ आकडे आहेत: २५२, ९०, १, ४८, २, २०२, १, १६८. मी वहीत बेरीज केली: ७६४. त्यातून २५६ दोनदा वजा केले. उरले २५२, म्हणजे पहिलाच आकडा! शेवटचा १६८ केवळ याचसाठी जोडलेला असतो. वाटेत एखादा आकडा बिघडला की हिशेब जमत नाही आणि संदेश बाद होतो.

मला देपालपूरचाच ताम्रपट आठवला. परमार राजा भोजाचं १०२३ सालचं दानपत्र इथलं. तांब्यावर कोरलेल्या अशा दानपत्रांवर गरुडाची मुद्रा असे, शेवटी राजाची सही असे. मजकूर कितीही मोलाचा असो, तो अस्सल आहे याची खूण मजकुरासोबतच पाठवावी लागते, हे इथल्या तांब्याला हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

पडद्यावर उत्तर उमटलं: २५२, १२२, १, ४८, १, ०, ८४. भाचा काही बोलायच्या आत मी बेरीज मांडली. ५०८. एकदा २५६ वजा केले.

२५२.

मग त्यानं २२ अंशांचा हुकूम सोडला. २२ आकड्यांचा तो संदेश तारेवरून जायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागला. एसीची पट्टी सावकाश उघडली, आणि थोड्या वेळानं बाहेरच्या धुक्यातून उपसलेली ऊब खोलीत उतरू लागली.