विकास आराखड्यात आपली वस्ती कुठे आहे?

भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे जिलानी इमारत कोसळली, तेव्हा सारे जागे झाले. पण घरे, शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी जागा साधारण २० वर्षांकरिता ठरते ती विकास आराखड्यात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीला हजर राहावे. मुदत टळल्यावर काढलेला मोर्चा हरकत ठरत नाही.

म्हणून विहारात आधीच एकत्र बसून वस्तीचा नकाशा काढूया: घरे, नळ, गटार, अंगणवाडी, मोकळी जागा. मग तो सरकारी नकाशाशी ताडून पाहूया. आपल्या घरावरून रस्ता आखला आहे, हे बुलडोझर आल्यावर कळून उपयोग नाही.